निरीक्षणगृहातल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण: आधी काय काय तयार ठेवायचं

प्रो-सोशल मॉडेलिंग, म्हणजे समोरच्यानं जसं वागावं असं वाटतं तसं आपण आधी वागून दाखवणं. हा शब्द फळ्यावर लिहिण्याआधी त्याच्यासाठी मराठी शब्द हाताशी ठेवा: कित्ता. वर गुरुजींचं अक्षर, खाली मूल गिरवतं. निरीक्षणगृहातली, म्हणजे गुन्ह्याच्या आरोपाची चौकशी चालू असताना तिथे ठेवलेली मुलं आणि त्यांच्या घरची माणसं आपलं वागणं असंच गिरवत असतात. म्हणून वेळ दहाची दिली असेल तर दहाला सुरू करा, समोर तिघंच असले तरी.

आठ दिवस आधी, भेटीच्या वारी, म्हणजे घरची माणसं मुलांना भेटायला येतात त्या दिवशी, संस्थेच्या फाटकापाशी तासभर बसून या. ही तयारी मी कधीच चुकवत नाही. एका ठिकाणी एक बाई एसटीनं आल्या होत्या, हातात चिवड्याची पिशवी, त्या दिवसाची मजुरी बुडालेली. फाटकावरच्या काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "कुणाची आई? चोरीवाल्याची का?" आत जाळीमागे मुलगा उभा होता, त्यानं मान खाली घातली. त्याच काकांनी थोड्या वेळानं एका म्हाताऱ्या आजोबांना सावलीत बसवून पाणी दिलं. मी दोन्ही टिपून घेतलं. प्रशिक्षणात मात्र पहिल्यांदा पाण्याचं सांगितलं, काकांकडे बघून, सगळ्यांसमोर. चोरीवाल्याचं दुपारी त्यांनी स्वतःच काढलं. चांगलं वागणं दिसलं की लगेच बोलून दाखवायचं, हे आपण शिकवणार असू तर आपल्या वहीत त्याचे खरे दाखले हवेत.

अधीक्षकांकडून चार-पाच जुने सामाजिक तपास अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीबद्दल परिवीक्षा अधिकाऱ्यानं (प्रोबेशन ऑफिसरनं) लिहिलेले अहवाल, मागून घ्या. नावं, गावं, शाळा काळ्या शाईनं झाकूनच प्रती काढा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करता येत नाही. मग अहवालातली विशेषणं अधोरेखित करा. "घरचे निष्काळजी" या दोन शब्दांच्या जागी "वडील ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी, आई सकाळी सहापासून धुणीभांडी करते" असं लिहिलं की मदत कुठे करायची ते दिसायला लागतं. कलंक लावणारी भाषा नको, हे तत्त्व याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठाचे ख्रिस ट्रॉटर यांनी व्हिक्टोरिया राज्यातल्या परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या कामाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनी फायलीतल्या नोंदीही वाचल्या होत्या. शेरे मारणाऱ्या अधिकाऱ्यांकडची माणसं पुन्हा गुन्ह्याकडे जास्त वळलेली दिसली.

हे सगळं परकं आहे असं कुणी म्हणेलच. माणसावर विश्वास टाकून वागणं आपल्याकडेही जुनं आहे, हे दाखवायला आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची माहिती सोबत ठेवा. औंध संस्थानात १९३९ साली सुरू झालेली ही खुली वसाहत. इथे कैदी बायकामुलांसह राहून शेती करतात.

बोलवायचं कुणाला? परिवीक्षा अधिकारी आणि समुपदेशक येतातच. काळजीवाहक, स्वयंपाकी आणि फाटकावरचे लोक आले नाहीत तर प्रशिक्षण घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मुलाचा दिवस त्यांच्यासोबत जातो. ड्युटी सांभाळून दोन तुकड्या करा. अधीक्षक पूर्ण वेळ बसणार नसतील तर तारीख बदला.

रोल प्लेच्या चिठ्ठ्या घरूनच लिहून न्या, कारण आयत्या वेळी सगळे भाषण ठोकतात. एक चिठ्ठी उशिरा आलेल्या मुलाची: बोलावलं अकराला, आला साडेअकराला. आधी "दोन बस बदलून आलास, बरं केलंस" असं म्हणायचं, उशिराचं त्यानंतर, आणि पुढच्या वेळी कोणती बस धरायची ते दोघांनी मिळून ठरवायचं. दुसरी चिठ्ठी पहिल्या गृहभेटीची. हे वाक्य तोंडात बसेपर्यंत म्हणून घ्या: "ताई, मी परिवीक्षा अधिकारी. पंधरा दिवसांत मला बाल न्याय मंडळाला अहवाल द्यायचाय. निर्णय मंडळ घेतं, मी नाही. तुम्ही सांगाल त्यातलं काय लिहिणार ते तुम्हाला आधी वाचून दाखवीन." आपण नेमके कोण, हे न सांगताच आपण लोकांच्या घरात शिरतो, म्हणून या चिठ्ठीला तासभर द्या. आईचं काम सगळ्यात कडक काळजीवाहकाला द्या.

खुर्च्या गोलात, चहा सगळ्यांना एकाच वेळी, सारख्याच कपांत. प्रोजेक्टर नसला तरी चालतं.

सहा आठवड्यांनंतरच्या फेरभेटीची तारीख आजच पत्रात घाला. त्या दिवशी वर्ग नको. प्रत्येकासोबत एका कुटुंबाच्या भेटीला बसायचं, त्या कुटुंबाला आधी विचारून.

आणि प्रशिक्षण भेटीच्या वारी ठेवू नका. ठेवावंच लागलं तर दोघांना भेटीसाठी मोकळं ठेवा, आणि फाटकाबाहेर बाकडं टाकलंय ना, ते सकाळी स्वतः बघून या.