हेडसरांची पद्धत आणि शिक्षकांचा थकवा: नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

शिक्षणसेवक (मानधनावर नेमलेला नवा शिक्षक) म्हणून रुजू झालात की 'हेडसर कसे आहेत?' असे विचारत फिरू नका. प्रत्येक जण वेगळे सांगेल. त्याऐवजी तीन वह्या चाळा: सूचना वही, बदली तासांची वही आणि लॉगबुक, म्हणजे वर्ग पाहून हेडसर शेरे लिहितात ती वही.

सगळ्यात बोलकी असते ती बदली तासांची वही. गैरहजर शिक्षकाचे तास पाळीपाळीने वाटले आहेत, की नव्या आणि गप्प बसणाऱ्या दोघा-तिघांवरच पडतात, हे एका महिन्याच्या नोंदींत दिसते. रिकामा तास म्हणजे आराम नव्हे. 60 वह्या, वहीमागे दोन मिनिटे, म्हणजे दोन तास झाले. रिकामे तास गेले की ही तपासणी घरी जाते. शिक्षण हक्क (आरटीई) कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास तयारीसह मोजले आहेत. तयारी ही कामातच धरली आहे, हे अनेक मुख्याध्यापक विसरतात.

सूचना वहीत 'तातडीने' हा शब्द किती वेळा येतो ते पाहा. तालुक्याहून माहिती मागवली की चांगला मुख्याध्यापक जुनी फाइल काढतो, असलेले रकाने स्वतः भरतो आणि उरलेलेच वर्गशिक्षकाला विचारतो. दुसरा तोच संदेश रात्री ग्रुपवर ढकलून मोकळा होतो.

लॉगबुकात नुसते 'फलकलेखन सुधारा' असेल तर त्या शेऱ्याचा उपयोग नाही. असे शेरे साचले की पाठाचे टाचण देखणे होते आणि वर्ग कोरडा पडतो.

कडक मुख्याध्यापकच दमवतो, हा समज अर्धाच खरा. कडक पण नियम सर्वांना सारखे लावणाऱ्याकडे काम निभते. 'तुमचं तुम्ही बघा' म्हणणारा सुरुवातीला बरा वाटतो. पालक तक्रार घेऊन आले की मात्र शिक्षक एकटा पडतो. शिक्षकाची बाजू ऐकण्याआधीच पालकांसमोर त्याला झापणारा सर्वांत वाईट, कारण पुढच्या वेळी तो शिक्षक मुलाला टोकायचेच सोडतो. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याची, तीन अंगे मांडली: भावनिक थकवा, माणसांविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. यातले दुसरे इथून सुरू होते.

शिक्षणसेवकाच्या तीन वर्षांत 'नाही' म्हणणे जड जाते, म्हणून नोंद ठेवा. दोन आठवडे चार रकाने भरा: अध्यापन, तयारी-तपासणी, बदली तास, कार्यालयीन माहिती. मग स्टाफ मीटिंगमध्ये नव्हे, शाळा सुटल्यावर हेडसरांना भेटा आणि एकच नेमकी मागणी ठेवा: 'गुरुवारचा पाचवा तास तपासणीसाठी मोकळा ठेवाल का?' एकदम दोन कामे आली तर 'सर, यातलं आधी कोणतं संपवू?' असे विचारा आणि उत्तर लिहून घ्या. वेळापत्रक जूनमध्येच पक्के होते; ऑगस्टमध्ये तास हलवायचा तर चार जणांचे तास हलतात. त्यामुळे मागणी लवकर करा.

झोप उडाली असेल किंवा मुलांवर विनाकारण चिडचिड काही आठवडे टिकली असेल, तर वेळापत्रकाची वाट पाहू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला.