चिखलणीआधी तेल बदला, पण डबा वाचून

मुरबाड-शहापूरकडे राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजून झाले की सगळ्यांच्या नजरा ढगांकडे लागतात. ठाण्यात पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधीचे चार दिवस यंत्रांसाठी राखून ठेवा. शेणखत, रोपांच्या मुठी, आंब्याच्या पेट्या ओढायला आता काही बागायतदारांकडे आणि कृषी पर्यटनवाल्यांकडे एटीव्ही, म्हणजे ती चार जाड चाकांची बाईक आली आहे. उन्हाळाभर तिने राबाची राख आणि मातीचा फुफाटा खाल्लेला असतो. एअर फिल्टर चुकवून त्यातली बारीक धूळ तेलात उतरते. दिवाळीत घातलेलं तेल तसंच ठेवून गाडी चिखलात घालू नका.

तेल बदलायला सगळेच तयार असतात. चूक होते ती डबा निवडताना. दोन पावसाळ्यांपूर्वी मी कारचं उरलेलं तेल एटीव्हीत ओतलं. महागातलं होतं, वाया कशाला घालवायचं! ट्रॉली जोडून बांधाच्या चढाला लागलो तर इंजिन किंचाळतंय आणि चाकं जागची हलत नाहीत. मिस्त्रीने तेलाची काडी काढली, दोन बोटांत तेल चोळून बघितलं आणि म्हणाला, "काका, तेल चांगलंय, गाडी चुकली."

गिअरच्या बऱ्याच एटीव्हींमध्ये मोटरसायकलसारख्याच क्लचच्या प्लेटा इंजिनाच्या तेलातच फिरतात. प्लेटांना पकड हवी असते. कारच्या बऱ्याच तेलांत इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी तीच पकड सुटते. म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' शोधा, तेलातल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची ती जपानी खूण. कमी घर्षणाचं 'एमबी' नको, आणि गोल शिक्क्यात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' लिहिलेलं तर नकोच. पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यातल्या काहींचा क्लच कोरडा असतो, तिथे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं तेलच घाला. शिवाय पट्ट्याच्या पेटीत पाणी शिरलं तरी गाडी अशीच घसरते, उगाच तेलाला दोष देऊ नका.

आता आकडे. डब्यावरच्या '१० डब्ल्यू ४०' मधला पहिला आकडा थंडीतल्या वाहण्याचा, दुसरा १०० अंश सेल्सिअसला तेल किती जाड राहतं त्याचा. आपल्याकडे माघातही तेल गोठत नाही, त्यामुळे पुस्तिकेत नसताना ० किंवा ५ डब्ल्यूच्या मागे धावू नका. चिखलात गाडी हळू चालते, वारा कमी लागतो आणि इंजिन तापतं. दुसऱ्या आकड्यात काटकसर नको. पुस्तिकेत तापमानाचा तक्ता असतो, त्यातली ऊन्हाळी ओळ आपली.

पॉवर टिलरच्या डिझेल इंजिनाचं तेल एटीव्हीत आणि एटीव्हीचं टिलरमध्ये घालू नका. टिलरच्या गिअरपेटीचं तेलही वेगळंच असतं. टू-स्ट्रोक गवत कापणीयंत्राला टू-टी तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. २५ ला १ सांगितलं असेल तर लिटरला ४० मिली, ५० ला १ असेल तर २० मिली.

तेल काढताना इंजिन पाचेक मिनिटं चालवून कोमट करा, मग गाळ तेलाबरोबर निघतो. बोल्टचा वायसर नवा टाका. बोल्ट आवळताना पहिलवानकी नको, ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की खर्च वाढतो. पातळी बघताना गाडी सपाट जागी हवी, उतारावर काडी खोटं बोलते. काडी आटे फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे गाडीगणिक वेगळं असतं, तेही पुस्तिकेतच. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका, फेस होतो आणि तेल एअर फिल्टरमध्ये चढतं.

ओढ्यात गाडी बुडाली तर लगेच स्टार्ट मारू नका. आधी काडी काढा. तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. मग गाडी ढकलत घरी न्या, आधी आत पाणी कुठून शिरलं ते मिस्त्रीला बघायला सांगा, तेल आणि फिल्टर बदला, थोडं चालवून पुन्हा बदला.

काढलेलं तेल कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासायची आपल्याकडे सवय आहे. ती सोडा. ते डब्यात भरून बूच लावा आणि जुनं तेल रीतसर गोळा करणाऱ्याला द्या. बांधाकडेला ओतलंत तर पहिल्याच सरीत ते खाचरात उतरतं, आणि त्याच पाण्यातून वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला वर येणारे, मासे चढतात.