थव्याच्या साह्याने सिग्नलचा उगम कसा शोधावा

पक्ष्यांच्या थव्यावरून सुचलेली पीएसओ (पार्टिकल स्वॉर्म ऑप्टिमायझेशन) पद्धत केनेडी आणि एबरहार्ट यांनी १९९५ साली मांडली. तिच्यात प्रत्येक कण म्हणजे स्रोताच्या जागेचा एक अंदाज; कण स्वतःला आणि थव्याला आतापर्यंत सापडलेल्या सर्वोत्तम जागांकडे सरकत राहतात. ती चालवण्याआधी मोजणी नीट करा. प्रत्येक सेन्सर नोडवर (सिग्नल मोजणाऱ्या उपकरणावर) २०-३० पॅकेटांचा आरएसएसआय (मिळालेल्या सिग्नलची ताकद) घ्या आणि सरासरीऐवजी मध्यक ठेवा, कारण मधूनच कोसळणारे एखादे वाचन सरासरीला ओढून नेते. नोड किमान चार हवेत. ते एका रेषेत असतील तर चाळीस असूनही रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची जागा सारखीच त्रुटी देते.

अंतर दहापट झाले की सिग्नल १० × एन डेसिबलने पडतो; एन म्हणजे अंतराबरोबर सिग्नल किती झपाट्याने पडतो तो आकडा. मोकळ्यावर एन दोनच्या आसपास, इमारतीत बहुधा तीन-चार. आरएसएसआयवरून आधी अंतरे काढून वर्तुळे छेदण्याचा मोह टाळा. एन ३ असेल तर ६ डेसिबलची चूक १० मीटरचे १६ करते आणि ५० चे ७९. दूरचा नोडच उत्तर बिघडवतो. त्रुटी डेसिबलमध्येच मोजा: मोजलेल्या आणि अपेक्षित आरएसएसआयमधल्या फरकांच्या वर्गांची बेरीज.

स्रोताची शक्ती माहीत नसली तरी कणाला शक्तीची तिसरी मिती देऊ नका. कणाच्या जागेपासून प्रत्येक नोडचे अंतर घ्या, त्या नोडच्या आरएसएसआयमध्ये १० × एन × लॉग(अंतर) (लॉगचा पाया १०) मिळवा आणि आलेल्या आकड्यांची सरासरी काढा. एक मीटरवरची सर्वांत जुळणारी शक्ती तीच. अंतर अर्ध्या मीटरखाली उतरू देऊ नका, नाहीतर नोडवरच बसलेला कण शून्याचा लॉग मागतो.

थव्यासाठी ३० कण, ६० फेऱ्या, जडत्व (आधीच्या वेगाचा टिकणारा भाग) ०.७३, दोन्ही आकर्षण-गुणक (स्वतःच्या आणि थव्याच्या सर्वोत्तम जागेकडची ओढ) १.५. वेगाची मर्यादा क्षेत्राच्या बाजूच्या १५ टक्के. कण सीमेबाहेर गेला तर कडेवर आणून वेग शून्य करा. वेग तसाच ठेवला तर तो कडेलाच घासत राहतो.

सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) बदलून दहा वेळा चालवा. उत्तरे दोन जागी फुटली आणि त्रुटी सारखीच असेल तर दोष नोडांच्या मांडणीत आहे. रेषेबाहेर एक नोड लावा. त्रुटी वेगळ्या असतील तर थवा लवकर गोठतोय, कण वाढवा.

खरे तर १०० × १०० मीटरमध्ये एकाच स्रोतासाठी एक-एक मीटरची जाळी तपासली तरी सुमारे १०,००० वेळाच त्रुटी काढावी लागते. थव्याला १,८०० वेळा. संगणकाला हा फरक जाणवतही नाही. थव्याचा उपयोग दिसतो तो दोन-तीन स्रोत असताना. तिथे सरासरीची युक्ती चालत नाही, प्रत्येक स्रोताची शक्तीही कणातच ठेवावी लागते. नोडवर पोहोचणाऱ्या सिग्नलांची बेरीज मिलिवॅटमध्ये करून मग डीबीएममध्ये (एक मिलिवॅटच्या तुलनेतल्या डेसिबलमध्ये) आणा. डीबीएम थेट मिळवणे ही नेहमीची चूक. शिवाय दोन स्रोतांची अदलाबदल केली तरी त्रुटी तीच राहते, म्हणून प्रत्येक फेरीत स्रोत क्ष-निर्देशकाच्या चढत्या क्रमाने लावा आणि स्रोताबरोबर त्याचा वेगही हलवा. तसे न केल्यास एकच जोडी काही कणांना पहिला-दुसरा वाटते, काहींना दुसरा-पहिला, आणि थवा मधल्याच जागी ओढला जातो.