परस बेणताना या चुका टाळा

मिरगाचा पाऊस लागून आठवडा होतो न होतो, तोच परसात पेरलेलं आणि न पेरलेलं एकदमच वर येतं. पहिली चूक होते ती इथेच, घाईची. दोन पानं दिसली की लगेच बेणायला, म्हणजे तण काढायला, बसू नका. ती बीजदलं, म्हणजे बियातलीच पहिली पानं असतात. लाल माठ, काटेमाठ आणि कुर्डू त्या वयात वेगळे ओळखणं जाणत्यांनाही जड जातं. खरी पानं तीन-चार येऊ द्या. त्याहून सोपं म्हणजे बी फोकण्याऐवजी ओळीत पेरा. ओळीबाहेर उगवलं त्यावर आधी संशय घ्यायचा.

भुईमुगाच्या वाफ्यात टाकळा हमखास फसवतो. पानं संध्याकाळी मिटतात म्हणून टाकळा, असं सांगणारे भेटतात. पण भुईमुगाची पानंही मिटतात. पर्णिका मोजा. भुईमुगाच्या एका पानात दोन जोड्या, म्हणजे चार. टाकळ्याच्या तीन जोड्या, टोकाची सगळ्यात मोठी, आणि पान चुरडलं की उग्र वास. उपटलेला कोवळा टाकळा मात्र फेकू नका, कांदा-खोबरं घालून भाजी करा. पिवळी फुलं येऊन जवळजवळ वीतभर शेंगा धरल्या की तो तण, आणि तेव्हा उपटण्यात अर्धा उपयोग संपलेला असतो, कारण बी पडायला लागतं.

घोळ खुडताना देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, जमिनीलगत पसरणारी नायटी असणार. भाजीत नको.

आता नावं. माझ्या मते निम्मा गोंधळ झाडांचा नाहीच, नावांचा आहे. नर्सरीत ‘ब्राह्मी द्या’ म्हटलं की एक जण बारीक, जाडसर पानांची जलब्राह्मी (बॅकोपा) देतो, तर दुसरा लांब देठावर गोल पान असलेला कारिवणा (सेंटेला). दोन्ही ओलाव्यात सरपटतात, दोन्हींना लोक ब्राह्मीच म्हणतात, पण नातं काही नाही. कंबरमोडी म्हणजे एकदांडी. रानमोडी ही उतारच्या उतार व्यापणारी निराळीच झुडपं. आणि सोनचाफा, देवचाफा, भुईचाफा हे तर तीन वेगळ्या कुळांतले. भुईचाफा हळदीचा भाऊबंद!

यात हसण्यावारी न्यायचा नाही तो बचनाग. खरा बचनाग हिमालयातला. आपल्याकडे कुंपणावर चढणाऱ्या कळलावीलाही बचनाग म्हणतात, आणि विष दोन्हींत आहे. पावसात कळलावी ओळखायला सोपी: पानाचं टोक लांब होऊन तणाव्यासारखं वळतं, फुलाच्या पिवळ्या-लाल पाकळ्या मागे उलटलेल्या. पण पाऊस सरला की वेल वाळून जाते, जमिनीत कंद तेवढा राहतो. नेमक्या त्याच दिवसांत आपण कणगी आणि करांदे या खायच्या कंदांसाठी कुंपण खणतो. कणगी-करांद्याचं पान हृदयाच्या आकाराचं असतं, पण खणायच्या वेळी पानच नसेल तर काय बघणार? म्हणून श्रावणात, फूल दिसतं तेव्हाच कळलावीच्या बुडाशी खूण करून ठेवा, खुंटी मारा. काटकोनात वाकलेला कंद हाती आला तर टाकून द्या. कुणाच्या पोटात गेलाच तर घरगुती उपाय करत बसू नका. उरलेला कंद बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. त्यातलं कोल्चिसीन हे विष थोडंही जीवघेणं ठरतं.

शेवटची चूक फोटोची. वरून काढलेला हिरवा गालिचा ग्रुपवर टाकून ‘हे काय आहे?’ विचारलं की पाच जण पाच नावं सांगतात. पान खोडाला कसं जोडलंय, पानाची मागची बाजू आणि फूल किंवा शेंग, असे तीन फोटो काढा. शेजारी बोट किंवा नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो.