नियम एक, पण प्रत्येक मुलाशी बोलण्याची रीत वेगळी

दोन भावंडांनी मिळून भिंतीवर रेघोट्या ओढल्या आणि आपण आवाज चढवला, तर एक जण ओठ काढून रडू लागतो आणि दुसरा खडू पाठीमागे लपवून हसतो. बोलणी दोघांनी सारखीच खाल्ली, तरी पहिल्याला ती नको तितकी लागली आणि दुसऱ्यापर्यंत पोहोचलीच नाहीत. त्यामुळे शिस्तीचा विचार मुलाच्या स्वभावापासून सुरू करावा.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या अभ्यासात १३३ मुलांची तान्हेपणापासून अनेक वर्षे पाहणी केली. त्यांना सुमारे ४० टक्के मुले सहज जुळवून घेणारी, १० टक्के हाताळण्यास अवघड आणि १५ टक्के हळूहळू रुळणारी आढळली. उरलेली मुले कोणत्याच गटात बसेनात, हे मला अधिक बोलके वाटते. म्हणून मुलावर शिक्का मारण्याऐवजी आठवडाभर नोंद ठेवावी: मूल कशावरून बिथरले, त्याआधी ते भुकेले किंवा दमलेले होते का, आणि शांत व्हायला त्याला किती वेळ लागला.

भित्र्या मुलाच्या जवळ बसून, हळू आवाजात चूक एकाच वाक्यात सांगावी आणि तिथेच थांबावे. अशा मुलाला दरडावले, तर त्याच्या मनात भीती तेवढी उरते, आपण काय सांगितले ते उरत नाही. मानसशास्त्रज्ञ ग्राझिना कोहान्स्का यांच्या संशोधनातही भित्र्या मुलांमध्ये सौम्य शिस्तीतून सदसद्विवेक चांगला रुजतो असे दिसले. निडर मुलांच्या बाबतीत मात्र आईशी असलेला जिव्हाळा अधिक महत्त्वाचा ठरला. निडर मुलाला लांबलचक उपदेश करू नये. नियम आधीच स्पष्ट सांगावा, मोडल्यास परिणाम लगेच दिसू द्यावा, आणि एरवी त्याच्याबरोबर खेळण्यात वेळ घालवावा, कारण ज्या माणसाशी त्याचे सूत जुळते, त्याचेच ते ऐकते.

हट्टी मुलाचा पारा चढलेला असताना वाद घालू नये. ते निवळल्यावर आपल्याला चालतील असे दोनच पर्याय त्याच्यापुढे ठेवावेत. हळूहळू रुळणाऱ्या मुलाला खेळ थांबवण्याच्या पाच मिनिटे आधी सूचना द्यावी. मारणे कोणत्याच स्वभावाला मानवत नाही.

'त्याला का नाही ओरडलात?' हा प्रश्न भावंडांकडून येणारच, आणि तो रास्तही आहे. बोलण्याचा सूर बदलला, तरी चुकीची भरपाई बदलत नाही, हे त्यांना दिसले पाहिजे. भिंत दोघांनीही पुसायची: रडणाऱ्याने आपल्या शेजारी बसून, आणि हसणाऱ्याने खेळायला जाण्याआधी.