पहाटे उठायचंय? मग आधी या चुका थांबवा

शिवाजी पार्कात पहाटे पळायला येणाऱ्या नवख्यांना मी बरीच वर्षं शिकवतो आहे. पाऊस ओसरला की जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचे वेध लागतात, उत्साहाने नावं दिली जातात आणि पंधरा दिवसांत निम्मी मंडळी गळतात. पाय दुखतात म्हणून नव्हे, जाग येत नाही म्हणून. चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रात्री एकला झोपणाऱ्याने सोमवारपासून थेट साडेचारचा गजर लावणं. शरीराचं घड्याळ हुकमावर चालत नाही, ते प्रामुख्याने उजेडावर चालतं. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं, पण आमच्या नवख्यांना ते एका रात्रीत फिरवायचं असतं. दोन दिवस जमतं, तिसऱ्या दिवशी माणूस आडवा होतो आणि 'मला पहाट मानवतच नाही' म्हणून मोकळा होतो. झोप आणि गजर दोन्ही तीन-चार दिवसांनी फक्त पंधरा मिनिटं अलीकडे आणा. कंटाळवाणं आहे, पण टिकतं तेच.

दुसरी चूक गजरांच्या माळेची. गिरगावच्या चाळीतला एक मुलगा आमच्याकडे यायचा, म्हणजे यायचं ठरवायचा. उशाशी फोन आणि त्यात पाचपासून दर पाच मिनिटांनी एक गजर. आई उठायची, आजी उठायची, भिंतीपलीकडच्या काकू उठायच्या, हा मात्र झोपेतच बोट फिरवून आवाज बंद करायचा. पुढे पुढे त्याला गजर ऐकल्याचं आठवेनासंही झालं. पहिल्या घंटेला उठायचं नसतं हेच तो रोज स्वतःला शिकवत होता. शिवाय त्या पाच-पाच मिनिटांत धड झोपही होत नाही.

रात्रीचं विचारलं तेव्हा खरं कळलं. अंधेरीहून घरी यायला दहा, जेवण अकराला, मग अंथरुणात फोन पाहत एक वाजायचा. मी सगळे गजर काढायला लावले, एकच ठेवला आणि फोन मोरीजवळच्या फळीवर. म्हणजे रात्री हातात नाही आणि सकाळी बंद करायला चालत जायचं. डबा ऑफिसातच आठला खायचा आणि घरी येऊन पडायचं. साडेसातवरून पंधरा-पंधरा मिनिटं मागे येत त्याला महिना-सव्वा महिना लागला. सव्वापाचला पोचला तेव्हा चाळीत पाणी यायच्या वेळेशी गाठ पडली. त्याला म्हटलं, आता आईला झोपू दे, पिंप तू भर. गजर चुकवता येतो, घरातलं पिंप रिकामं राहिलेलं कुणाला चालत नाही. पाणी भरून तो सहाच्या आत पार्कात हजर असायचा. पहाटे उठून करायला कुणीतरी वाट पाहणारं काम हवं, असं माझं ठाम मत आहे.

बाकीच्या थोडक्यात सांगतो. रविवारी अकरापर्यंत लोळू नका, अर्धा-पाऊण तास जास्त झोपलात तर ठीक. संध्याकाळी सहानंतरची कटिंग सोडा, कारण चहातलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असू शकतं. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, तेव्हा उठल्या उठल्या ट्यूबलाइट लावा. उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं डोकं जड असतं. त्या वेळात 'आज जाऊ की नको' हा विचारच करायचा नाही, तोंड धुवून बूट घालायचे.

चार तासांच्या झोपेत भागवण्याच्या युक्त्या विचारायला कुणी आलं की मला राग येतो. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. पाचला उठायचं तर दहाला दिवा बंद, यात पळवाट नाही. आणि पुरेसं झोपूनही दिवसभर पेंग येत असेल, घोरणं जोरात असेल, तर गजर बदलू नका, डॉक्टरांना दाखवा. झोपेत श्वास अडकत असू शकतो.

रात्री शेवटच्या लोकलने घरी पोचणाऱ्यांना मी पहाटे बोलावतच नाही. त्यांनी आधी झोप पूर्ण करावी आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पळावं.