चाळिशीत फुटबॉल खेळताय? मग या चुका टाळा

सोलापुरात विजापूर रोडच्या आमच्या फुटबॉल ग्रुपमध्ये दर दिवाळीनंतर पाच-सहा नवे गडी येतात. थंडी पडलेली असते, डॉक्टरांनी ‘शुगर बॉर्डरवर आहे’ म्हणून बजावलेलं असतं, आणि कॉलेजात आपण लेफ्ट विंगला खेळायचो ही आठवण ताजी असते. नवे शूज येतात, पहिल्याच रविवारी दीड तास पळापळ होते. जानेवारीत गड्ड्याची यात्रा येईपर्यंत त्यातले दोघे उरतात. बाकीच्यांचा खेळातला रस आटलेला नसतो. कुणाची पोटरी गेलेली असते, कुणाचा घोटा, कुणाचा गुडघा. मी 36 व्या वर्षी पुन्हा बॉलला पाय लावला, आज 45 चा आहे. ही गळती थांबवता येते असं माझं ठाम मत आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. फुटबॉलमध्ये आपण एकसारखं पळत नाही. चालतो, अचानक धावतो, ब्रेक मारतो, वळतो, उडी घेतो, परत चालतो. हृदयाचे ठोके वर जातात, खाली येतात, पुन्हा वर जातात. कोपनहेगनमध्ये पीटर क्रुस्ट्रूप आणि येन्स बांग्सबो या संशोधकांनी कधीही न खेळणाऱ्या मोठ्या माणसांना आठवड्यातून दोन-तीनदा, तासभर, छोट्या मैदानावर फुटबॉल खेळायला लावलं. 12 आठवड्यांत त्यांचा रक्तदाब उतरला, चरबी घटली, दमसास वाढला. नुसतं जॉगिंग करणाऱ्यांपेक्षा त्यांच्या स्नायूंना आणि हाडांना जास्त फायदा झाला, आणि तेवढीच मेहनत करून थकवा कमी जाणवला. बॉलच्या मागे असताना आपण किती पळतोय याचा हिशेब माणूस ठेवत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. फायदा देणारी गोष्ट म्हणजे ती अचानक धाव, तो ब्रेक, ते वळणं. तयारी नसलेला पाय मोडतो तोही याच तीन गोष्टींत.

रविवारी एकदाच, तेही जीव तोडून

सगळ्यात मोठी चूक हीच. सोमवार ते शनिवार खुर्ची, दुकान किंवा गाडी, आणि रविवारी अकरा विरुद्ध अकरा, पूर्ण मैदान. शरीराला बदलायला सवय लागते, आणि आठवड्यातून एका दिवसात सवय होत नाही. दर रविवारी आपण पहिल्या दिवसावरच असतो. त्यापेक्षा बुधवारी संध्याकाळी 40 मिनिटं आणि रविवारी 40-50 मिनिटं खेळा. पाच-पाच किंवा सात-सात जणांच्या टीम करा. मैदान लहान असलं की लांब धाव कमी लागते आणि बॉल जास्त वेळा पायाशी येतो. दहा-दहा मिनिटांचे भाग पाडा, मध्ये दोन मिनिटं थांबा. नवा माणूस असेल तर पहिले तीन-चार आठवडे त्याने निम्मा वेळच खेळावा. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या, जिना उतरताना दुखलं, तर घाबरू नका, दोन-तीन दिवसांत जातं. दुखणं एकाच जागी टोचत असेल, सांध्याला सूज असेल किंवा तिसऱ्या दिवशी वाढत असेल, तर पुढचा खेळ रद्द.

आल्या आल्या गोलवर शॉट मारणं

ग्राउंडवर पोचल्यावर पहिला माणूस काय करतो? बॉल ठेवतो आणि लांबून सणसणीत किक मारतो. यालाच आपण वॉर्मअप समजतो. थंड पायाने मारलेली जोरदार किक जांघेतल्या आणि मांडीच्या स्नायूंवर सगळ्यात जास्त ताण टाकते.

माझी पोटरी अशीच गेली. डिसेंबरची सकाळ, सव्वासहा. उशीर झाला होता म्हणून गाडी लावली आणि थेट आत उतरलो. पहिल्याच लांब पासमागे धावलो आणि मागून कुणीतरी दगड मारल्यासारखा फटका बसला. मी खरोखर मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ‘काय करलालास बे, ऊठ की!’ असं मित्र ओरडत होता आणि माझी टाच जमिनीला टेकत नव्हती. सहा आठवडे गेले.

फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वॉर्मअप आहे. वेळ 20 मिनिटं, व्यायाम 15. आधी आठ मिनिटं हलकं पळणं आणि नितंबाचे सांधे मोकळे करणं, मग दहा मिनिटं ताकद आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगाने पळणं आणि वळणं. हौशी खेळाडूंवरही त्याचा अभ्यास झाला आहे, दुखापती स्पष्टपणे कमी होतात. व्हिडिओ फुकट मिळतात. रोज 20 मिनिटं जमत नसतील तर दहा करा, पण त्यात स्क्वॉट, एका पायावर उभं राहणं आणि मांडीच्या मागच्या स्नायूचा नॉर्डिक व्यायाम सोडू नका. नॉर्डिकमध्ये गुडघ्यावर बसायचं, मागून साथीदाराने घोटे धरायचे, आणि पाठ ताठ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. सुरुवातीला तीन-चार वेळाच पुरे.

सोलापूरचं ऊन

आपल्याकडचं ऊन कोरडं आहे. मुंबईत माणूस चिंब भिजतो, म्हणून त्याला पाणी आठवतं. इथे घाम आला तसा उडून जातो आणि आपल्याला वाटतं, घाम आलाच नाही. खेळून झाल्यावर काळ्या टी-शर्टकडे बघा. पाठीवर, काखेत मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात. तेवढं पाणी आणि मीठ अंगातून गेलेलं असतं. एकदा खेळाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं असं समजा.

मार्चच्या मध्यापासून सकाळी सातच्या आत खेळ आटपा किंवा संध्याकाळी दिवे लागल्यावर सुरू करा. कृत्रिम टर्फवर तर हे दुप्पट पाळा, कारण ते गवत हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं आणि सूर्य मावळल्यावरही काही वेळ धग सोडत राहतं. उन्हाळ्याच्या तोंडावर पहिले दहा-बारा दिवस खेळाची वेळ कमी ठेवा, शरीर तेवढ्यात उन्हाला सरावतं. तासाच्या आतला खेळ असेल तर साधं पाणी चालतं, पण तहान लागायच्या आधीपासून घोट घोट प्या. त्यापेक्षा जास्त खेळलात तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घ्या. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारूनच.

पोटरीत गोळा आला तर थांबून हळूहळू ताण द्या. एखादा गडी उन्हात असंबद्ध बोलायला लागला, पाय अडखळायला लागले, तर त्याला ‘चक्कर आली असेल’ म्हणून बसवून ठेवू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पिणं

हा भाग कृपा करून घरच्यांनाही वाचून दाखवा. आमच्यातला एक जण, वय 48, यंत्रमागाचा धंदा. दोन आठवडे म्हणत होता, ‘पळलं की छातीत जळजळतंय, थांबलं की जातंय.’ रोज खेळ झाल्यावर सोडा प्यायचा. रात्री शेंगाचटणी जास्त झाली असं त्याचं म्हणणं, आणि आम्हीही मान डोलावली. शेवटी बायकोने हट्टाने दवाखान्यात नेलं. रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला, स्टेंट टाकावा लागला.

पित्त जेवणाच्या वेळा पाळतं, श्रमाच्या नाही. पळताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी जळजळ, दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात जाणारी कळ ही हृदयाची तक्रार समजूनच चालायचं. मधुमेह असणाऱ्यांना कधीकधी छातीत काहीच दुखत नाही, फक्त नेहमीपेक्षा जास्त दम लागतो आणि गार घाम सुटतो. पस्तिशीनंतर मैदानावर अचानक कोसळण्यामागे बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्यांचाच आजार असतो. म्हणून खेळ सुरू करण्याआधी रक्तदाब, साखर, ईसीजी करून घ्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर ट्रेडमिल टेस्टही. ताप असताना किंवा नुकताच उतरला असताना खेळू नका. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर खिशात ग्लुकोज ठेवा आणि शेजारच्या गड्याला तसं सांगून ठेवा.

ग्रुपमधल्या निदान चौघांनी सीपीआर शिकून घ्यावं. माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर एकाने 108 लावायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहायचं. मदत येईपर्यंत हात थांबवायचे नाहीत.

ग्राउंड न बघता खेळणं

पावसाळ्यात आपली काळी माती शूजला चिकटून एकेक पाय किलोभर जड करते. दिवाळीनंतर तीच वाळते, भेगा पडतात, ढेकळं दगडासारखी होतात. घोटे मुरगळायचा हंगाम तोच. खेळाआधी सगळ्यांनी मिळून मैदानात एक चक्कर मारा, खड्डे, काचा, मांडवाच्या खुंट्या बघा. कडक मुरुमावर किंवा टर्फवर लांब स्टडचे (तळाला उंच खुंट्या असलेले) शूज घालू नका. स्टड रुततो, पाय तिथेच राहतो आणि गुडघा फिरतो. अशा जागी बारीक रबरी दाण्यांचे टर्फ शूज हवेत. मुरुमावर खरचटलं तर भरपूर पाण्याने धुवा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा. नडगीला शिनगार्ड वापरा. हलवता येणाऱ्या गोलपोस्टला मागून वजन लावा, तिला लोंबकळणाऱ्या पोरांवर ती उलटू शकते.

मुरगळलं की चोळून घेणं

घोटा सुजला की कुणीतरी तेल-हळद घेऊन येतो, कुणीतरी ‘एका झटक्यात बसवून देणाऱ्या’चा पत्ता सांगतो. पहिले दोन-तीन दिवस चोळणं, शेकणं, झटका देणं पूर्ण बंद. आत फाटलेलं असतं, चोळल्याने रक्तस्राव आणि सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं, क्रेप बँडेज, आणि पाय उशीवर वर. चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढाच.

आणि सूज गेली म्हणजे घोटा बरा झाला असं नाही. लिगामेंटबरोबर (सांध्याची हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याबरोबर) तोलाची जाणीवही बिघडलेली असते, म्हणून एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. रोज ब्रश करताना त्या पायावर उभे राहा, जमायला लागलं की डोळे मिटून. परत खेळायच्या आधी गोलपोस्टजवळ जाऊन दुखऱ्या पायावर दहा उड्या मारा, मग पूर्ण वेगाने धावून दोन्ही बाजूंना वळून बघा. हे न दुखता जमलं तर बुधवारी या. नाही जमलं तर तरीही या, पण शिट्टी घेऊन बाहेर उभे राहा. आम्हाला पंच कायम कमीच पडतात.